शिबोरी, नीळ आणि कातागामी: जपानी हातरंगाईच्या कापडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं जपानमधल्या नागोयात होतो. शिबोरीचं अरिमात्सू गाव तिथून लोकलने जवळ, त्यामुळे शनिवार आला की माझे पाय तिकडेच वळायचे. आता पुण्यात परतल्यावर ट्रंकेतली कापडं बघायला कुणी ना कुणी येतं आणि प्रश्न साधारण तेच असतात. प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं बरीच लांबली आहेत. तिथे माझा जीव जास्त गुंतला आहे.

शिबोरी म्हणजे जपानी बांधणीच ना?

जातकुळी एकच. कापडाचा काही भाग इतका घट्ट आवळायचा की तिथे रंग पोचू नये. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत ठिपक्याठिपक्यांची, बांधणीसारखी दिसणारी वस्त्रं आहेत. जपानमध्ये नारा शहरातल्या शोसोइन या भांडारात आठव्या शतकातली बांधून रंगवलेली कापडं आजही जपून ठेवली आहेत. बांधून, मेण लावून आणि लाकडी पाट्यांत दाबून अशा तिन्ही तऱ्हांनी त्या काळी तिथे रंगाई होत असे.

वाटा वेगळ्या होतात त्या पुढे. कच्छ-सौराष्ट्राची बांधणी बारीक ठिपक्यांवर आणि रंगांच्या थरांवर उभी आहे. आधी फिका रंग, मग लाल, मग काळा, आणि प्रत्येक रंगाआधी नव्या गाठी. शिबोरीत बहुतेकदा रंग एकच, निळा, आणि सगळी करामत आवळण्यात. 'शिबोरू' म्हणजे पिळणं. दोऱ्याने बांधा, धावदोरा घालून चुण्या ओढा, खांबाला गुंडाळा, घडी करून फळ्यांत दाबा, सगळ्याला शिबोरीच म्हणतात. अरिमात्सू आणि शेजारचं नारुमी मिळून शंभरावर प्रकार मोजले जातात.

रंग लावायला वेळ लागत नाही. रंग कुठे जाऊ द्यायचा नाही, यातच महिने जातात. हे एक लक्षात ठेवलंत तर खालची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

हे काम अरिमात्सूतच का वाढलं?

रस्त्यामुळे. एदो म्हणजे आजचं तोक्यो, तिथून क्योतोला जाणारा तोकाइदो हा जुना हमरस्ता या गावातून जातो. 1608 मध्ये ओवारी संस्थानाने रस्त्याकडेच्या ओसाड पट्ट्यात वस्ती बसवायचं ठरवलं, तेव्हा चिता द्वीपकल्पातल्या आगुईहून जी मंडळी आली त्यांत ताकेदा शोकुरो होता. जमीन शेतीला निकस, पोट भरेना. 1610 पासून नागोयाचा किल्ला बांधायला दूरदूरची माणसं आली. त्यांतल्या बुंगो प्रांताच्या लोकांकडचं बांधून रंगवलेलं कापड शोकुरोने पाहिलं, आणि त्यावरून वाटसरूंना विकायला रंगीत पंचे करायला घेतले, असं गाव सांगतं.

धंदा चालला. ओवारी संस्थानाने गावाला या कामाचा मक्ता दिला. 1784 च्या आगीत बहुतेक गाव जळलं, तेव्हा गवताची छपरं टाकून कौलं आणि जाड गिलाव्याच्या भिंती आल्या. आज अरिमात्सूला दिसणारी ती लांबट, भारदस्त दुकानं म्हणजे त्या आगीनंतरचं गाव. हिरोशिगे या चित्रकाराने तोकाइदोच्या मुक्कामांची चित्रं काढली, त्यात नारुमीच्या चित्रात हीच शिबोरीची दुकानं आहेत. 2016 मध्ये या पेठेला जुन्या इमारतींचा संरक्षित परिसर म्हणून दर्जा मिळाला.

एक कापड तयार होताना नेमकं काय काय होतं?

आधी नक्षी ठरते. ती कागदावर कोरून भोकं पाडतात आणि त्यातून कापडावर खुणा उमटवतात. खुणेचा रंग पूर्वी एका निळ्या फुलाच्या रसाचा असे. ते फूल आपल्या केन्याच्या कुळातलं, आणि त्याची निळाई पाणी लागलं की निघून जाते. खूण राहत नाही, नक्षी राहते.

मग बांधणं. त्याला 'कुकुरी' म्हणतात आणि ते घरोघरी बायका करत आल्या. मी ज्या दुकानात जायचे तिथल्या ओसरीवर एक आजी बसायच्या. समोर लाकडी स्टँड, त्याच्या टोकाला बारीक आकडा. कापडावरच्या खुणेचा मधला बिंदू त्या आकड्यात अडकवला की कापड मिटलेल्या छत्रीसारखं खाली लोंबतं. डाव्या हाताच्या बोटांनी आजी त्याच्या चुण्या पाडायच्या. साडीच्या निऱ्या आपण चापून घेतो तशाच, फक्त इथली निरी तांदळाच्या दाण्याएवढी. उजव्या हाताने दोरा फेर धरत जायचा, शेवटी एक अढी बसायची, आकड्यातून टोक सुटायचं आणि पुढची खूण वर यायची. हा 'कुमो', म्हणजे कोळी. सोडल्यावर कोळ्याचं जाळं दिसतं.

मी विचारलं, दोऱ्याला ताण किती द्यायचा? आजींनी माझी करंगळी धरली आणि तिच्यावर तोच दोरा चार वेढे फिरवला. बोटाचं टोक पांढरं पडलं. म्हणाल्या, "एवढा." नंतर मी कितीही पुस्तकं चाळली असतील, त्याहून नेमकं उत्तर मिळालं नाही.

पूर्वी एका बाईच्या हातात बहुधा एकच प्रकार असे. कुमो करणारी कुमोच करणार, आणि तो आईकडून लेकीकडे किंवा सुनेकडे जाणार. एकाच कापडात तीन प्रकारांची नक्षी असेल तर ते कापड तीन घरं फिरून यायचं.

मग रंगारी ते बुडवतो, वाळवतो, आणि दोरा काढायची पाळी येते. पहिल्यांदा मी घाईघाईत कात्री लावली आणि दोऱ्याबरोबर कापडही कापलं, तीन महिन्यांच्या कामाला भोक पडलं. जाणकार माणूस कापड दोन्ही हातांनी तिरकं ओढतो आणि दोरे पट् पट् पट् करत सुटत जातात. त्या आवाजाबरोबर आतला पांढरा रंग उघडत जातो. शेवटी वाफ देऊन कापडाची रुंदी सारखी करतात, पण चुण्यांचा उठाव मरू देत नाहीत.

एका कापडाला किती गाठी?

सर्वांत बारीक काम क्योतोच्या 'कानोको'चं. हरणाच्या पाडसाच्या अंगावरचे ठिपके, तसं हे. रेशमावर चिमटीत धरून एकेक ठिपका बांधायचा. अख्खा किमोनो या ठिपक्यांनी भरायचा तर दीड-दोन लाख गाठी होतात आणि एकाच बाईच्या हातून वर्ष-दीड वर्ष काम चालतं. मधेच दुसऱ्या बाईने हात लावला तर ताण बदलतो आणि तो पट्टा वेगळा दिसतो, म्हणून शेवटपर्यंत एकच हात लागतो.

'आराशी' म्हणजे काय?

वादळ. 1880 च्या सुमारास अरिमात्सूच्या सुझुकी कानेझोने ही पद्धत बसवली. लांब लाकडी खांबाला कापड तिरकं गुंडाळायचं, वरून दोरा फिरवायचा आणि मग कापड खांबावर दाबत एका टोकाला सरकवत न्यायचं. रंगून उलगडलं की तिरप्या पावसाच्या सरी दिसतात. आपल्या राजस्थानी लहरियाशी याचं जवळचं नातं वाटतं, तिथेही कापड तिरकं वळूनच बांधतात.

जपानी नीळ आणि आपली नीळ एकच का?

रंगद्रव्य एकच, झाड वेगळं आणि रीत तर पारच वेगळी. आपली नीळ हे शेंगा धरणारं झुडूप. हौदात पाला भिजवायचा, पाणी झोडपायचं, तळाशी बसलेला गाळ वाळवून वड्या पाडायच्या. जपानी 'तादे-आइ' ही कुट्टूच्या कुळातली, गुडघाभर उंचीची वनस्पती आहे, आणि तिच्या पानांचं ते खत करतात. हो, अक्षरशः खत.

याचं माहेर म्हणजे शिकोकू बेटावरचं तोकुशिमा, जुनं नाव आवा. तिथली योशिनो नदी दरवर्षी वादळांच्या दिवसांत पात्र सोडायची. भात कापणीला येईपर्यंत पूर, म्हणून भात घेता येत नसे. नीळ मात्र उन्हाळ्यातच कापून होते. वर पुराचा गाळ शेताला फुकटचं खत देऊन जातो. ज्या नदीने भात बुडवलं तिनेच निळीने गावं श्रीमंत केली.

वाळवलेली पानं सप्टेंबरात मातीच्या जमिनीच्या कोठारात रचतात. या कोठाराचं नाव 'नेदोको', म्हणजे अंथरूण, आणि पानं रचण्याला 'निजवणं' म्हणतात. त्यांवर फक्त पाणी शिंपडतात. दर चार-पाच दिवसांनी सगळा ढीग उकरून, मोडून, पाणी मारून पुन्हा रचायचा, असं शंभर दिवस. ढिगाच्या पोटात साठ-सत्तर अंशांपर्यंत उष्णता चढते. थंडी वाढली की वर पेंढ्याच्या चटया पांघरतात, आणि त्यांना म्हणतात 'फुतोन'. अमोनियाचा वास असा की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. पाणी किती घालायचं हे ठरवणारा माणूस वेगळा, त्याचा हुद्दाच 'मिझुशी', पाण्याचा उस्ताद. दोन घागरी जास्त पडल्या तर वर्षाचं पीक कुजतं. शेवटी जी काळपट, मातीसारखी वस्तू हाती येते ती 'सुकुमो'. ती करणारी घराणी आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच उरली आहेत.

निळीचा रांजण 'जिवंत' असतो म्हणतात, ते कसं?

निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. तो विरघळावा म्हणून रांजणातले जिवाणू त्यातला प्राणवायू काढून घेतात. सुकुमोत लाकडाच्या राखेचं निवळलेलं पाणी, गव्हाचा कोंडा, चुना आणि थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, घालतात. कोंडा आणि साके ही जिवाणूंची खुराक, राख आणि चुना त्यांना हवा तसा क्षार धरून ठेवतात. ऊब लागते, रोज ढवळावं लागतं. आठ-दहा दिवसांनी वर तांबूस-जांभळी झाक असलेला निळा फेस जमतो. त्याला 'निळीचं फूल' म्हणतात. फूल आलं की रांजण लागला.

मी ज्या कार्यशाळेत शिकले तिथले गुरुजी सकाळी आल्या आल्या रांजणाचं झाकण काढून वास घ्यायचे, एक थेंब जिभेवर ठेवायचे आणि त्यावरून त्या दिवशी चुना द्यायचा का कोंडा ते ठरवायचे. घरातल्या आजारी माणसाचं कपाळ बघावं तसं. दोन दिवस जास्त कापड बुडवलं की रांजण दमतो, मग त्याला सुट्टी.

कापड आत सोडायचं, हवा न शिरू देता हात फिरवत राहायचं आणि वर काढायचं. बाहेर येतं तेव्हा ते कोवळ्या कैरीसारखं पिवळट हिरवं असतं. मग हवा लागते. घडीच्या कडांपासून निळा सुरू होतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत मधल्या भागाकडे सरकत जातो. मी शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी दरवेळी हातातलं काम थांबतं.

एकाच निळीतून इतक्या छटा कशा?

बुडवण्याच्या संख्येने. एकदाच बुडवलेल्या अगदी फिक्या छटेचं नाव 'कामे-नोझोकी', म्हणजे रांजणात नुसतं डोकावून आलेली. त्यानंतर 'आसागी', 'हानादा', 'आइ', 'कोन' असं गडद होत जातं. सर्वांत काळपट ती 'काची'. 'काची' या उच्चाराचा दुसरा अर्थ विजय, म्हणून सामुराईंना ती प्रिय. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, सामान्य माणसाला रेशमाची आणि भडक रंगांची बंदी होती, त्यामुळे सुती निळं कापड घराघरात गेलं. 1874 मध्ये जपानला शिकवायला गेलेल्या ॲटकिन्सन या इंग्रज रसायनतज्ज्ञाला रस्त्यात जिकडेतिकडे निळंच दिसलं आणि 'जपान ब्लू' हे नाव तेव्हापासून रूढ झालं.

मग ही निळीची शेती मोडली कशाने?

पहिला धक्का भारतातून गेला, हे आपल्याला माहीत असायला हवं. मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर, भारतातली स्वस्त, वापरायला सोपी नीळ जपानात आयात होऊ लागली. 1897 मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि तिने दोन्ही देशांतल्या शेतीचं कंबरडं मोडलं. तोकुशिमात 1903 मध्ये सुमारे 15,000 हेक्टरवर निळीची लागवड होती, ती पुढच्या काही दशकांत जवळपास पुसली गेली. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्य सोडून दुसरं काही पेरायला बंदी आली. निळीचं बी फार दिवस टिकत नाही, दरवर्षी पेरलं नाही तर वाणच जातो. तेव्हा काहींनी डोंगरात आडबाजूला चोरून चार वाफे पेरत बी जगवलं. आज जी नीळ दिसते ती त्या वाफ्यांची देणगी आहे.

उत्तरेकडे मियागीच्या डोंगराळ भागात चिबा आयानो या शेतकरी बाईंनीही घरची जुनी रीत सोडली नव्हती. स्वतः नीळ पेरायची, स्वतः कापड विणायचं आणि उन्हाळ्याच्या नैसर्गिक उबेवरच रांजण लावायचा. 1955 मध्ये सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला.

'कातागामी' म्हणजे कागदाचा छापाच ना?

छापा म्हटलं की आपल्याला रंगात बुडवलेला लाकडी ठसा आठवतो. इथे कागदाच्या भोकांतून रंग जात नाही, भाताची खळ जाते. चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा शिजवून केलेली ही खळ जिथे बसेल तिथे रंग लागत नाही. नंतर धुतली की नक्षी पांढरी उमटते. म्हणजे इथेही अडवण्याचाच धंदा.

कागद येतो मिए प्रांतातल्या सुझुका शहरातल्या शिरोको आणि जिके या वस्त्यांतून. हाताने केलेल्या कागदाचे तीन पदर कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवतात आणि धुराच्या खोलीत धुरवतात. तो तपकिरी, चिवट होतो, पाण्यात भिजूनही आक्रसत नाही. त्यावर कारागीर कोरतो. अर्धगोल धारेची आरी दोन बोटांत गरगर फिरवून ठिपके पाडायचे ही एक तऱ्हा, सुरीने रेघा ओढायच्या ही दुसरी. रेघांचं काम सगळ्यांत अवघड. तीच रेघ तीनदा, एकाच जागी, एकाच दाबाने कापायची आणि श्वास चुकू द्यायचा नाही.

या छाप्यांतून सामुराईंच्या दरबारी पोशाखाचं कापड व्हायचं. दुरून सपाट राखाडी दिसणारं, जवळ गेलं की हजारो ठिपक्यांचं. किशूच्या तोकुगावा घराण्याची नक्षी 'सामे', म्हणजे शार्क माशाची खरबरीत कातडी. अशा बारीक नक्षीच्या कापडालाच 'एदो कोमोन' म्हणतात. बारा मीटरच्या एका ताग्यावर वीतभर कागद पुन्हा पुन्हा सरकवत खळ लावायची, आणि सांधा दिसता कामा नये. माझ्याकडे असा एक तुकडा आहे. भिंग घेऊन मी सांधा शोधला आहे, सापडलेला नाही.

युझेन रंगवतात की चितारतात?

दोन्ही. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोत मियाझाकी युझेन नावाचा पंख्यांवर चित्रं काढणारा चितारी होता, त्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. शंकूच्या पुडीतून, मेंदीच्या कोनासारखी, खळीची केसाएवढी रेघ रेशमावर काढतात. ती रेघ रंगाला बांध घालते, म्हणून शेजारचा लाल हिरव्यात मिसळत नाही. मग ब्रशने एकेक पाकळी भरायची, वाफ द्यायची, वाहत्या पाण्यात खळ धुवायची. पूर्वी हे धुणं नदीत चाले, आता बहुतेक कारखान्यातल्या पन्हळीत. कानाझावाच्या आसानो नदीत अजून कधीकधी दिसतं.

ओकिनावाचं बिंगाता वेगळं का दिसतं?

ऊन वेगळं, इतिहास वेगळा. हे र्‍युक्यू या ओकिनावाच्या जुन्या राज्याच्या दरबाराचं कापड. पिवळाधमक, लाल, मोरपंखी, आणि छाप्याच्या खळीबरोबर रंगांत सावली भरण्याची खास ढब. छापा कोरताना खाली ठेवायला वाळवून टणक केलेला टोफू वापरतात. सुरीचं टोक त्यात हलकेच रुततं आणि टोफूतल्या तेलाने धार गंजत नाही.

1945 च्या लढाईत बेट भाजून निघालं, छापे, घरं, माणसं गेली. शिरोमा एइकी यांनी उरलंसुरलं गोळा करून पुन्हा सुरुवात केली. खळीच्या पुडीला टोक म्हणून बंदुकीच्या गोळीचं रिकामं नळकांडं, खळ पसरायला ग्रामोफोनच्या फुटक्या तबकडीचा तुकडा, लाल रंगासाठी लिपस्टिक. हाती लागेल त्यातून त्यांनी बिंगाता उभं केलं. ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतलं कुणी ती विसरलेलं नाही.

लाल आणि काळा कशापासून?

लाल करडईच्या फुलांपासून. हो, सोलापूर-मराठवाड्यात तेलासाठी पेरतो तीच. आपल्याकडच्या कुसुंबी रंगाचं मूळही हेच. यामागाताच्या मोगामी खोऱ्यात हिची मोठी शेती होती. फुलांत पिवळा भरपूर आणि लाल कणभर असतो. पिवळा आधी पाण्याने धुऊन काढायचा, मग राखेच्या पाण्यात लाल सुटतो आणि आंबट घातलं की कापडावर बसतो. आंबट म्हणून धुरावलेल्या जपानी आलुबुखाराचं पाणी वापरतात.

काळ्यासाठी आमामी ओशिमा बेटावर जा. तिथे एका झाडाच्या ढलप्यांचा काढा करून रेशमाचं सूत त्यात पुन्हा पुन्हा बुडवतात आणि मग थेट शेताच्या चिखलात. काढ्यातलं टॅनिन आणि चिखलातलं लोह एकत्र आलं की काळा. आपले रंगारी हिरडा आणि गंजलं लोखंड वापरून काळा काढतात, रसायन अगदी तेच. अशा कितीतरी फेऱ्यांनंतर जो काळा येतो तो मऊ, तपकिरी झाक असलेला असतो. बाजारू काळा त्याच्या शेजारी ठेवला की डोळ्यांना टोचतो.

हाताने रंगवलेलं म्हणजे नैसर्गिक रंगाचंच का?

नाही, आणि हा घोळ विकणारेही करतात. हातरंगाई म्हणजे हाताचं काम. रंग कुठला, हा वेगळा प्रश्न. मेइजी काळापासून जपानी रंगारी रासायनिक रंग सर्रास वापरतात आणि अरिमात्सूचं बरंचसं कापडही त्यातच रंगतं. त्याने हाताचं मोल कमी होत नाही. पूर्ण वनस्पतींच्या रंगांकडे वळलेली माणसंही आहेत. क्योतोचे योशिओका साचिओ (1946-2019) यांनी घराण्याच्या रंगशाळेत तेच केलं. नाराच्या तोदाइजी मंदिराच्या वसंतातल्या विधीसाठी कागदाची कॅमेलियाची फुलं लागतात, त्यांचा लाल कागद त्यांच्याकडे करडईने रंगायचा.

खरी शिबोरी ओळखायची कशी?

कापड उलटं करा. खऱ्या कामात रंग दोन्ही बाजूंनी असतो. सुरुवातीला पर्यटकांच्या एका दुकानातून मी 'हातची' म्हणून महागडा स्टोल घेतला. घरी आल्यावर पाहिलं तर मागून पांढराफटक, निव्वळ छपाई. त्या रात्री फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या आजींच्या बोटांसाठी.

मग ठिपके बघा. दोन ठिपके हुबेहूब सारखे नसतात, कडा किंचित पसरलेल्या असतात. सुईच्या कामात टाक्यांची बारीक भोकं दिसतात. नव्या कापडाला उठाव असतो, ओढलं तर परत आखडतं. शिवाय 1974 च्या पारंपरिक हस्तकलांच्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या मालावर सरकारी चिन्हाचं लेबल असतं. अरिमात्सू-नारुमी शिबोरीला ही मान्यता 1975 मध्ये मिळाली. आणि कापड बांधलं कुठे, हे बिनदिक्कत विचारा. बांधण्याचं बरंच काम गेल्या काही दशकांत चीनमध्ये होतं, चांगला दुकानदार ते स्वच्छ सांगतो.

एवढं महाग का?

वरचं वाचलंत तर उत्तर मिळालं असेल. हातखर्चाला परवडेल असं काही हवं असेल तर 'तेनुगुई' घ्या, आपल्या पंच्यासारखं. हजार-दोन हजार येनमध्ये छान मिळतं. कडा शिवलेल्या नसतात, लवकर वाळावं म्हणून. दोनचार दोरे सुटतील, ते कापून टाका.

धुवायचं कसं?

निळीचं कापड पहिले काही वेळा एकटंच, गार पाण्यात, सौम्य साबणाने. पिळू नका, सावलीत वाळवा. मीठ-व्हिनेगरने निळीचा रंग पक्का होतो हा समज चुकीचा आहे, नीळ तशी बसतच नाही. सुरुवातीला जो रंग किंवा पिवळट पाणी जातं ते जाऊ द्या. घासलं जाईल तिथे थोडी उतरणारच, पांढऱ्या सोफ्यावर नवा निळा कुर्ता घालून बसू नका. शिबोरीवर इस्त्री दाबून फिरवू नका, सगळा उठाव बसतो.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

एक आहे आणि तो मला फार आवडतो. जपानमध्ये पूर्वी 'चाउजिमा' नावाचं हलकं, पट्ट्यापट्ट्यांचं रेशमी कापड होतं, हाकामा, म्हणजे कमरेखालचा घोळदार पोशाख, शिवायला वापरायचे. त्यातलं 'चाउ' म्हणजे आपलं चौल, अलिबागजवळचं. पोर्तुगीज जहाजांतून ते कापड तिकडे गेलं, आणि 1681 ते 1684 च्या दरम्यान क्योतोचे विणकर स्वतः तसं विणू लागले. हे विणकाम आहे, रंगाई नाही, पण चौलच्या बंदराचं नाव जपानी शब्दकोशात बसलेलं पाहून मला रेवदंड्याची खाडी आठवली. रंगाईत म्हणाल तर भारतातून गेलेली छापील, चितारलेली कापडं तिथे 'सारासा' नावाने मिरवली आणि त्यांच्या जपानी नकलाही झाल्या. शिवाय शिबोरीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1992 मध्ये नागोयात झाली, आणि दुसरी अहमदाबादला.

घरी करून बघता येईल?

जरूर. मांजरपाट घ्या, धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकून त्याची खळ पूर्ण काढा. सुकुमो इथे मिळणार नाही. मी आपल्याकडची नैसर्गिक निळीची पूड, विझवलेला चुना आणि गूळ वापरते, वजनाने एकास दोन आणि तीन. गरम पाण्यात कालवून झाकून ठेवा. वर तांबूस झाक आणि खाली पिवळट हिरवं पाणी दिसलं की तयार. चुन्याने हात भाजतात, मोजे घाला, मुलांना लांब ठेवा. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून निथळवा, तरच रंग सारखा चढतो. बांधायला जाड, न तुटणारा दोरा घ्या. पहिल्याच दिवशी ठिपक्यांच्या मागे लागू नका. कापडाची पंख्यासारखी घडी घालून दोन फळ्यांत दाबा, दोरीने आवळा, पाच-सहा मिनिटं बुडवा, हवा लागू द्या, पुन्हा बुडवा. सोडताना कात्री दूर ठेवा.

अरिमात्सूला कधी आणि कसं जावं?

नागोया स्टेशनवरून मेइतेत्सू लाइनची गाडी, साधारण अर्ध्या तासात अरिमात्सू स्टेशन. उतरून दोन मिनिटांवर जुना रस्ता लागतो. जूनच्या सुरुवातीला शिबोरीचा उत्सव असतो, तेव्हा दुकानांपुढे निळी कापडं झुलत असतात, पण गर्दीही तुफान. मला विचाराल तर साध्या दिवशी सकाळी जा. शिबोरी काइकान या संग्रहालयात बांधून दाखवणाऱ्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर थोडा वेळ बसा आणि बोटं बघा. भाषा आली नाही तरी चालेल, त्या तुमचंच बोट पुढे घेऊन दाखवतील.